साठवता न येणारं पान

भाजी घेऊन झाली की वर कढीपत्त्याच्या दोन काड्या फुकट टाकायच्या, ही रीत तंजावरच्या बाजारात आहे तशीच आपल्याकडेही आहे. फुकट मिळतं म्हणून त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. पिशवीच्या तळाशी जातं, फोडणीत तडतडतं आणि जेवताना ताटाच्या कडेला लागतं. काम झाल्यावर बाजूला सारलेल्या माणसाला तमिळमध्ये कढीपत्त्याचीच उपमा देतात. पण या पानाची एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. कढीपत्ता साठवता येत नाही. पान वाळलं की वास उडतो, बी वाळलं की मरतं. मिरी, लवंग, वेलदोडा, जायफळ हे सगळे गोण्यांत भरून समुद्रापार गेले, त्यांच्यापायी लढाया झाल्या. कढीपत्त्याची गोणी भरून कुणी श्रीमंत झालं नाही. तो जिथे जिथे पोचला तिथे जिवंत झाड म्हणूनच पोचला, कुणीतरी हाताने लावला म्हणून रुजला.

एक काडी उजेडाकडे धरून पाहा. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-वीस पानं असतात; समोरासमोर नाहीत, जराशी मागेपुढे; आणि टोकाला एकटं एक. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ही सगळी काडी म्हणजे एकच पान आहे आणि आपण ज्यांना पानं म्हणतो त्या त्याच्या पर्णिका. पर्णिकेचा बुडखा दोन्ही बाजूंना सारखा नसतो, एका अंगाला किंचित फुगीर असतो. आता उजेड आरपार येईल असं धरलं की सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसू लागतात. प्रत्येक ठिपका म्हणजे तेलाची एक बंद पिशवी. असेच ठिपके लिंबाच्या पानात असतात, संत्र्याच्या पानात असतात, बेलाच्या पानातही असतात, कारण ही सगळी एकाच कुळातली. कढीपत्ता दिसायला कडुनिंबासारखा, पण नात्याने लिंबाचा. पान चुरगाळलं की त्या पिशव्या फुटतात आणि वास येतो.

हा वास नेमका कशाचा, हे आपल्याला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. पानातल्या तेलाचं पृथक्करण अनेकांनी केलं होतं. त्यात पाइनच्या राळेसारखा वास असलेलं पायनीन सापडत होतं, निलगिरीतलं सिनिऑल सापडत होतं, धण्यात असतं ते लिनलूलही. पण ही सगळी एकत्र केली तरी कढीपत्ता होत नाही. २०१५ साली जर्मनीतल्या फ्रायझिंगच्या अन्नरसायन संस्थेतले मार्टिन श्टाइनहाउस यांनी यंत्राऐवजी माणसाच्या नाकावर भरवसा ठेवला. ताज्या पानांचा अर्क काढायचा, त्यातले घटक एकामागून एक वेगळे करून नळीच्या तोंडाशी आणायचे आणि तिथे बसलेल्या माणसाने हुंगत राहायचं. मग अर्क निम्मा पातळ करायचा आणि पुन्हा हुंगायचा. पुन्हा निम्मा, पुन्हा हुंगायचा. एकेक वास गळत जातो. अगदी शेवटपर्यंत जो टिकतो, तो त्या पानाचा कर्ता. कढीपत्त्यात शेवटपर्यंत टिकला तो १-फिनाइलइथेनथायॉल नावाचा गंधकयुक्त रेणू. नुसता हुंगला तर जळकट, गंधकासारखा वास. पानात त्याचं प्रमाण नगण्य, इतकं की तोवरच्या पृथक्करणांत तो नजरेतून सुटत राहिला.

आपलं नाक थायॉल या जातीच्या रेणूंबाबत भलतंच तिखट आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात जे किंचितसं मिसळतात तेही एक थायॉलच. म्हणजे गॅस सुटल्याची धास्ती भरवणारा आणि शेजारच्या घरात फोडणी पडल्याची खबर देणारा असे दोन्ही वास रसायनाच्या एकाच घराण्यातले. आणि या घराण्याचा स्वभाव असा की हवेत उघडं पडलं की ते टिकत नाही, प्राणवायूशी लगेच संसार थाटतं. पान वाळवताना पिशव्या फुटतात, हलकी तेलं उडून जातात, गंधकाचा तो रेणू बदलून जातो. बरणीत उरतो तो हिरवट-करडा पाचोळा. तो डाळीत घालण्यापेक्षा डाळ तशीच खाल्लेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोडणीचं शास्त्रही यावरूनच उलगडतं. हे सुगंधी रेणू पाण्यात फारसे विरघळत नाहीत, तेलातुपात मात्र चटकन विरघळतात. तापलेल्या तेलात ओलं पान पडलं की पानातल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती पेशी फाडून बाहेर पडते (तो तडतडाट म्हणजे हीच वाफ) आणि पिशव्यांतलं तेल कढईतल्या तेलात उतरतं. आता वासाला धरून ठेवणारं काहीतरी मिळालं. कावेरीकाठच्या घरांत रसमवर अगदी शेवटी तुपाची फोडणी ओततात आणि झाकण ठेवतात, ते उगीच नाही. ज्यांना पानाचीच चव हवी त्यांच्यासाठी तिथे कढीपत्ता आणि मिरी वाटून केलेलं दाट, काळपट हिरवं कुळंबु असतं, बाळंतिणीलाही देतात. आपल्याकडची तीळ-खोबऱ्याची कढीपत्त्याची चटणी ही त्याची कोरडी बहीण. या दोन्ही पदार्थांत पान कडेला सारायची सोयच नाही.

तमिळ स्वयंपाकातलं या पानाचं वय मोजायला बसलं तर आपण प्राचीन तमिळ साहित्याच्या संगमकाळापर्यंत जातो. 'पेरुंबाणाट्रुप्पडै' या कांचीपुरम परिसराच्या वर्णनात डाळिंब, लोणी आणि मिरपुडीबरोबर एका सुवासिक कोवळ्या पानाचा उल्लेख येतो, आणि ते पान कढीपत्त्याचंच, असं भाष्यकार सांगतात. इतकं जुनं, इतकं घरचं झाड. पण युरोपच्या शास्त्रीय नामावलीत ते जाऊन बसलं ते तंजावरच्या मराठ्यांच्या काळात, आणि तेही त्यांच्याच मुलखाच्या किनाऱ्यावरून.

तंजावरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर तरंगंबाडी आहे. डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून ही जागा मिळवली, ट्रांकेबार म्हणून तिचं नाव युरोपात गेलं. पुढे तंजावर भोसल्यांकडे आलं तेव्हा डॅनिश मंडळी भोसल्यांच्या दरबारी वार्षिक खंड भरू लागली. १७६८ मध्ये, तुळजाजी राजांच्या कारकिर्दीत, या तरंगंबाडीत योहान गेरहार्ड क्योनिग नावाचा चाळिशीतला डॉक्टर उतरला. जन्म बाल्टिक किनाऱ्याच्या मुलखातला, शिक्षण स्वीडनमध्ये, थेट वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसच्या हाताखाली. आधी आइसलंडच्या बर्फात वनस्पती गोळा करून आलेला. इथल्या ख्रिस्ती मिशनचा वैद्य म्हणून तो आला, पण त्याचं खरं चित्त झाडाझुडपांत. वाळवून चिकटवलेले नमुने तो गुरूकडे पाठवत राहिला. त्यातूनच १७७१ मध्ये लिनियसने कढीपत्त्याला शास्त्रीय नाव दिलं ते शिष्याच्या नावावरून: बर्गेरा क्योनिगी. पुढे १८२५ मध्ये श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने ते झाड मुराया या प्रजातीत हलवलं, म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत मुराया क्योनिगी असतं. अलीकडे डीएनए तपासल्यावर हे झाड मुरायापेक्षा वेगळं ठरलं आणि लिनियसचं जुनं नाव परत आलं. क्योनिग मात्र तिन्ही वेळा जागचा हलला नाही.

हा माणूस एका जागी बसणारा नव्हता. अर्काटच्या नवाबाकडे नोकरी, मग ईस्ट इंडिया कंपनीकडे, आणि १७७९ मध्ये सयाम आणि मलाक्काचा प्रवास. तिथल्या झाडांच्या नोंदींनी भरलेली त्याची रोजनिशी शंभरावर वर्षांनी इंग्रजीत छापली गेली. १७८५ मध्ये काकिनाड्याजवळ तो वारला. त्या वेळी पुढे तंजावरचे राजे झालेले सर्फोजी सात वर्षांचे होते. मोठेपणी याच राजांनी धन्वंतरी महालात औषधी वनस्पतींचा अभ्यास चालवला, झाडांची रंगीत चित्रं काढवून घेतली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा त्यांच्या काळातला मराठी पाकग्रंथ आजही आहे. स्वयंपाकघर आणि वनस्पतिशास्त्र यांच्यात भिंत नसलेला तो काळ होता, आणि मला तो हेवा वाटण्याजोगा वाटतो.

क्योनिगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या झाडाने पुढे रसायनशास्त्रज्ञांनाही चकित केलं. १८७२ मध्ये दगडी कोळशाच्या डांबरातून कार्बाझोल नावाचा पदार्थ वेगळा झाला होता. तीन कड्या एकमेकींना जोडलेला, कारखान्यांच्या कामाचा रेणू. सजीवांशी त्याचा काही संबंध असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. १९६५ मध्ये कलकत्त्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये डी. पी. चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांना कढीपत्त्याच्या खोडाच्या सालीत त्याच सांगाड्यावर बांधलेलं अल्कलॉइड मिळालं. वनस्पतीत सापडलेलं ते पहिलं कार्बाझोल अल्कलॉइड. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली दाबल्या गेलेल्या जंगलांच्या डांबरात जो सांगाडा सापडला, तोच एक झाड परसदारात उन्हात उभं राहून घडवत होतं. त्यानंतर या झाडाच्या साली, मुळ्या, पानांतून अशी कितीतरी अल्कलॉइडं निघाली; त्यांतल्या एकाचं नाव कोएनिंबिन, म्हणजे इथेही क्योनिग आलाच. ती शरीरात काय करतात यावर प्रयोगशाळांत बरंच काम चालू आहे. परंतु रोज दहा पानं चावून मधुमेह पळतो अशा संदेशांना त्याचा आधार समजू नये.

आता समुद्रापलीकडे. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर राजेंद्र चोळाने श्रीविजय आणि कडारम जिंकल्याचा शिलालेख आहे. ती स्वारी १०२५ च्या सुमाराची. कडारम म्हणजे आजच्या मलेशियातलं केदाह. तेव्हापासून हा किनारा त्या किनाऱ्याला ओळखतो. कढीपत्त्याचं झाड इंडोचायनापर्यंतच्या जंगलांत आपलं आपण उगवतं, म्हणजे तिथे ते परकं नव्हतंच. पण जंगलात असणं वेगळं आणि कढईत पडणं वेगळं. मलायाच्या कढईत ते पडलं ते माणसांमुळे. एकोणिसाव्या शतकापासून नागपट्टणमच्या बंदरातून (ते तेव्हा तंजावर जिल्ह्यातच होतं) बोटी भरभरून तमिळ मजूर पिनांगला जात होते, मळ्यांवर राबायला. १९३८ मध्ये सरकारने ही मजूरभरती थांबवली. पेटीत वाळलेली मिरची, चिंच, हळद नेता येते. कढीपत्ता नेता येत नाही, तिथे परसात तो लावावाच लागतो. आज मलेशिया-सिंगापुरात त्या परसातून निघून तो चिनी आचाऱ्यांच्या कढईतही पोचला आहे. लोण्यात परतलेली कोळंबी, खारवलेल्या अंड्याच्या बलकात घोळलेले खेकडे, यांत इवल्या तिखट मिरच्यांच्या जोडीला मूठभर कढीपत्ता हवाच. तिथला खवय्या त्याला आपलंच मानतो आणि ते खरंही आहे.

हे झाड असं माणसांच्या हातूनच का फिरतं, याचं उत्तर त्याच्या बियात आहे. गहू, तांदूळ, मूग यांचं बी पिकताना स्वतःहून कोरडं होत जातं, जवळजवळ सगळं पाणी बाहेर टाकतं आणि झोपी जातं. वर्षानुवर्षं कणगीत पडून राहिलं तरी पाणी मिळताच उठतं. कढीपत्त्याच्या बियाला ही झोपच माहीत नाही. फळातून बाहेर पडतानाही ते ओलं, श्वास घेत असलेलं, उगवायच्या घाईत असतं. वाळवलं तर पेशींची पटलं फाटतात आणि काही आठवड्यांतच त्यातला जीव जातो. आंबा, फणस, जांभूळ यांचंही असंच. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर डोंगराच्या पोटात जगातल्या पिकांचं बियाणं उणे अठरा अंशांत जपून ठेवतात, २००८ पासून. त्या तिजोरीत अशा बियांना जागाच नाही. गोठवलं की ती मरतात. त्यांची बीज-पेढी म्हणजे उभं झाड.

रानात हे काम बुलबुल करतो. सह्याद्रीच्या उतारांवर जंगलाच्या सावलीत कढीपत्त्याची बुटकी झुडपं असतात. पांढऱ्या सुवासिक फुलांचे गुच्छ येतात, मग हिरवी, तांबूस आणि शेवटी काळीभोर चकचकीत फळं. बुलबुल, कोकीळ ती गिळतात आणि थोड्याच वेळात बी ओलं असतानाच खाली टाकतात. वाळायला सवडच मिळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये बागेत हौसेने लावलेला कढीपत्ता पक्ष्यांनी रानात इतका नेला की तिथे आता त्याला तण म्हणतात! फळाचा गर गोडसर असतो, मुलं खातात. बी मात्र चावू नये.

दुसरी वाट जमिनीखालची. जुन्या झाडाच्या मुळ्या उथळ पसरतात आणि त्यांना कुठे इजा झाली की तिथून फुटवे वर येतात. म्हणून परसात एक झाड लावलं की काही वर्षांत त्याचं बेट होतं. तंजावरकडच्या जुन्या घरांत पुढच्या दारापासून मागच्या कोल्लैपर्यंत, म्हणजे परसापर्यंत, सरळ नजर जाते, आणि तिथे विहिरीजवळ हे बेट ठरलेलं. लेकीच्या नव्या घरी मुळासकट फुटवा द्यायची पद्धत तिथे काय आणि कोकणात काय, सारखीच.

त्या बेटाला आंबट ताक घालतात, तेही दोन्हीकडे. मी याकडे आधी निव्वळ परंपरा म्हणून पाहत होतो, पण त्यात तथ्य आहे. जमीन क्षाराकडे झुकलेली असली की लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ताकातलं आम्ल तो क्षार थोडा मारतं. मात्र पातळ करून आणि कधीतरीच. रोज ताक ओतलं तर मुळं कुजतात, मुंग्या येतात. बाकी त्याची हौस मोठी नाही: भरपूर ऊन, पाण्याचा निचरा, शेणखत आणि न घाबरता केलेली छाटणी. एकेक पान ओरबाडू नये, शेंडा खुडावा. खुडल्या जागी दोन-तीन नवे फुटवे येतात आणि कोवळी पानं त्यांनाच लागतात. शेतकरीही फांद्याच छाटून नेतात. तमिळनाडूत कोइमतूरकडचा लालसर देठाचा 'सेंगांबु' नावाजलेला. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने काढलेले वाणही लावतात. बाजारातल्या पानावर फवारणी बरीच असते, युरोपात तर भारतीय कढीपत्त्याची कीटकनाशकांसाठी खास तपासणी होते. कुंडीत का होईना, घरचं झाड असावं असं मी आग्रहाने म्हणतो त्याचं हे एक कारण.

घरच्या झाडावर एक दिवस पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसेल. तो झटकण्याआधी थोडं थांबा. तो कॉमन मॉर्मन फुलपाखराचा सुरवंट असण्याची शक्यता आहे. लहानपणी विष्ठेचं सोंग, मोठा झाल्यावर पानासारखा हिरवा, आणि बोट लावलंत तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतो. लिंबाच्या कुळावरच वाढणारा हा जीव. कढीपत्ता लिंबाचा भाऊबंद आहे हे त्याला लिनियसच्या कितीतरी आधी कळलेलं होतं.

तेच एका दुसऱ्या किड्यालाही कळलं, आणि त्याने जगात उत्पात केला. डायफोरिना सिट्री ही तिळाएवढी सिला कीड लिंबू-संत्र्याच्या कोवळ्या फुटव्यांत राहते आणि तिच्यासोबत सिट्रस ग्रीनिंग या रोगाचा जिवाणू फिरतो. फ्लोरिडात कीड १९९८ मध्ये सापडली, रोग २००५ मध्ये. पुढच्या वीसेक वर्षांत वादळांचीही भर पडून तिथलं संत्र्यांचं उत्पादन नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं. कढीपत्त्याला स्वतःला हा रोग होत नाही, पण ही कीड त्याच्यावर आनंदाने वाढते. म्हणून भारतातून ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही, कॅलिफोर्नियाच्या निर्बंध असलेल्या भागांतून तर कुंडीही बाहेर हलवता येत नाही. आणि वाळलेला नेऊन उपयोग काय, ते आपण पाहिलंच. मग तिथली मराठी, तमिळ घरं तिथल्याच परवानाधारक रोपवाटिकेतून रोप आणतात आणि मोठ्या कुंडीत वाढवतात. रात्री गारठू लागल्या की कुंडी घरात, खिडकीशी. थंडीत झाड पानं टाकतं, सगळी काडी उघडी पडते आणि माणसं हळहळतात. पण ते बहुधा मेलेलं नसतं. पाणी कमी करायचं आणि वाट पाहायची. उबारा आला की खोडावर हिरवे डोळे फुटतात.

आपल्याकडे पावसाळ्यात ओळखीच्या झाडावर काळी फळं दिसली की मूठभर मागून घ्या. गर धुऊन काढा आणि बी त्याच दिवशी माती-कंपोस्टात बोटाच्या पेराएवढं खोल पेरा. उद्यावर टाकू नका. कोंब यायला दोन-चार आठवडे लागतात. पहिल्या वर्षी झाड वीतभरच होतं, तेव्हा त्याचं पान तोडू नये. पुढे पानं हवी असतील तर फुलं खुडावीत, पण एखाद्या फांदीवर फळं धरू द्या. शेजाऱ्याला द्यायचं बी तिथूनच मिळणार. विकतच्या पाकिटातलं बहुतेक वेळा मेलेलंच निघतं.